अ‍ॅक्शनची नोंद आणि तिचा मायना : फ्लक्सपासून रिडक्स टूलकिटपर्यंत

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. जावास्क्रिप्टमध्ये ‘अ‍ॅक्शन’ लिहिताना तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा लिहावा लागत असे, तो कमी कसा होत गेला, एवढाच विषय. साधारण २०१४ ते २०२३ असा दहाएक वर्षांचा हा इतिहास आहे. पण एवढ्या काळात या एका गोष्टीवरून प्रोग्रामर मंडळींमध्ये जेवढे वाद झाले, जेवढ्या लायब्रऱ्या आल्या आणि गेल्या, तेवढं बघितलं की वाटतं, इथे नुसता टायपिंगचा कंटाळा नसणार. आपण आज तेच तपासून बघणार आहोत. पुन्हा पुन्हा लिहिलेल्या मजकुरातला कुठला भाग खरी माहिती असतो आणि कुठला नुसता रिवाज? हे कोणी आणि कसं ठरवलं?

शब्द आणि त्याची गोष्ट

इंग्रजीत या मजकुराला ‘बॉयलरप्लेट’ म्हणतात. बॉयलरसाठी वापरतात तो पोलादी पत्रा, हा मूळ अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांना मोठ्या वृत्तसंस्थांकडून मजकूर धातूच्या तयार पत्र्यांवर ओतून येत असे. संपादकाने तो पत्रा यंत्रावर चढवायचा आणि छापायचं. त्यात एक अक्षरही बदलता येत नसे. म्हणून त्या मजकुराला हे नाव पडलं. पुढे ते वकिलांच्या कागदपत्रांत आलं आणि तिथून प्रोग्रामिंगमध्ये.

मराठीत आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे ‘मायना’. पत्राच्या सुरुवातीला ‘तीर्थरूप’, ‘सा. न. वि. वि.’, ‘चिरंजीव यास अनेक आशीर्वाद’ असं जे लिहायचे, ते. वरवर पाहिलं तर सगळ्या पत्रांत तेच ते. पण नीट बघा. मायना वाचून पत्र लिहिणारा लहान की मोठा, नातं काय, हे कळत असे. म्हणजे तो पूर्ण रिकामा नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण अ‍ॅक्शनच्या बाबतीत नेमका हाच पेच पडला.

परत परत येणारा लाल आकडा

आता २०१४ मध्ये जाऊ. फेसबुकने रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, सगळ्यांसाठी खुली केली होती. २०१४ च्या ‘एफ-एट’ परिषदेत त्यांच्या जिंग चेन या अभियंत्याने ‘फ्लक्स’ नावाची रचना मांडली. उदाहरण दिलं ते फेसबुकच्याच चॅटचं. न वाचलेल्या संदेशांचा आकडा वर दिसतो. उघडून बघावं तर आत नवीन काहीच नाही. दुरुस्ती करायची, काही दिवस बरं चालायचं, मग तीच चूक परत. कारण एकच माहिती पडद्यावरच्या अनेक भागांत वेगवेगळी साठवलेली होती आणि कोण कुणाला कधी बदलतंय, याचा माग लागत नव्हता.

फ्लक्सचं उत्तर असं होतं : माहिती कोणीही परस्पर बदलायची नाही. काय घडलं, याची एक नोंद करायची. ती नोंद म्हणजे अ‍ॅक्शन. सगळ्या नोंदी एकाच वाटेने, डिस्पॅचरमधून, जाणार. आणि नोंद बघून स्वतःत काय बदल करायचा, ते प्रत्येक ‘स्टोअर’ ठरवणार.

ज्यांच्या घरात दुकान आहे त्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहायचा : अमक्याला इतका माल उधार दिला, तमक्याकडून इतके रुपये आले. खतावणीत त्यावरून प्रत्येकाच्या खात्याची बाकी निघते. बाकी चुकली तर रोजकीर्द उघडून बघता येतं, कुठल्या नोंदीने घोळ झाला. अ‍ॅक्शन म्हणजे रोजकीर्दीतली ओळ, आणि स्टेट म्हणजे खतावणीतली बाकी. फेसबुकच्या चॅटमध्ये खतावण्या चार होत्या आणि रोजकीर्द नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

अर्थात ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून खिडकीला येणारा प्रत्येक संदेश एका फंक्शनमध्ये यायचा आणि तिथे लांबलचक ‘स्विच’ लिहून कुठल्या संदेशाला काय करायचं ते ठरवलं जायचं. तो स्विच वाढत वाढत गेला, लोक कंटाळले, आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सी-प्लस-प्लस लायब्ररीत ‘मेसेज मॅप’ आणून तो झाकला. जावास्क्रिप्टमध्ये हाच प्रवास वीस-बावीस वर्षांनी परत झाला. फक्त वेगाने झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला.

पॅरिस, जुलै २०१५

फ्लक्स ही रचना होती, एकच एक लायब्ररी नव्हती. त्यामुळे वर्षभरात तिचे अनेक अवतार आले : रिफ्लक्स, फ्लमॉक्स, ऑल्ट, याहूचं फ्लक्सिबल. जुलै २०१५ मध्ये पॅरिसला ‘रिअ‍ॅक्ट युरोप’ परिषदेत डॅन अब्रामोव्ह यांनी ‘रिडक्स’ दाखवलं आणि ही स्पर्धा जवळपास संपली.

त्यांनी दाखवलं ते असं : अ‍ॅप चालू आहे, बाजूला आतापर्यंतच्या सगळ्या अ‍ॅक्शनची यादी आहे. यादीतली एखादी अ‍ॅक्शन रद्द करा, अ‍ॅप जणू ती घडलीच नव्हती अशा अवस्थेत येतं. मागे जा, पुढे या. याला ‘टाइम ट्रॅव्हल’ म्हणू लागले. हे शक्य झालं, कारण रिडक्समध्ये स्टेट एकच, आणि ती बदलणारं ‘रिड्यूसर’ हे साधं फंक्शन : जुनी स्टेट आणि अ‍ॅक्शन घ्या, नवी स्टेट द्या. रोजकीर्द पहिल्यापासून परत वाचली की खतावणी पुन्हा तयार.

पण यासाठी एक अट पाळावी लागते. रोजकीर्दीतली नोंद कागदावर लिहिता आली पाहिजे. म्हणजे अ‍ॅक्शन हे साधं ऑब्जेक्ट हवं आणि तिचा प्रकार, ‘टाइप’, साठवता येईल असा हवा. सरळ फंक्शन बोलावलं आणि काम झालं, असं चालणार नाही, कारण फंक्शन वहीत लिहिता येत नाही. बॉयलरप्लेटचं मूळ इथे आहे. तो मजकूर कोणाच्या हौसेने आलेला नव्हता. टाइम ट्रॅव्हलची ती किंमत होती.

दुसरं कारण भाषेचं. रिडक्सवर ‘एल्म’ या भाषेचा प्रभाव होता. एल्ममध्ये कुठले संदेश येऊ शकतात, त्यांची यादी एकदाच लिहायची. मग एखाद्या संदेशाची दखल घ्यायची राहून गेली तर कंपायलर लगेच सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये तसा पहारेकरी नाही. टाइप ही साधी अक्षरांची माळ, स्ट्रिंग. तिच्यात एक अक्षर चुकलं तर रिड्यूसर म्हणणार, ‘ही नोंद माझी नाही’, आणि जुनी स्टेट तशीच परत देणार. कुठेही चूक दिसत नाही, तक्रार नाही. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, एवढंच.

म्हणून प्रत्येक टाइपसाठी कॉन्स्टंट करायची पद्धत पडली. कॉन्स्टंटचं नाव चुकलं तर त्याची किंमत ‘अनडिफाइन्ड’ येते, आणि अशी अ‍ॅक्शन पाठवली की रिडक्स तिथल्या तिथे ओरडतं. जो पहारा एल्ममध्ये कंपायलर देत होता, तो इथे माणसं हाताने देऊ लागली. तेव्हाच्या कोडमध्ये कॉन्स्टंटच्या फायली एवढ्या का असत, याचं उत्तर हे आहे.

एका नोंदीसाठी किती जागा?

आता प्रत्यक्ष बघू. कामांची यादी दाखवणारं छोटं अ‍ॅप आहे आणि ‘काम जोडलं’ ही एक अ‍ॅक्शन हवी आहे. २०१५-१६ च्या पद्धतीने काय करायचं? कॉन्स्टंटच्या फाइलमध्ये एक ओळ : डावीकडे कॅपिटल अक्षरांत नाव, उजवीकडे अवतरणचिन्हांत तेच नाव. मग अ‍ॅक्शनच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅक्शन क्रिएटर’ नावाचं फंक्शन, जे ते ऑब्जेक्ट बनवून देईल. मग रिड्यूसरच्या फाइलमध्ये स्विचला नवी ‘केस’, आणि तिच्यात जुन्या स्टेटला हात न लावता नवी प्रत बनवणं. मग पडद्यावरच्या भागाला हे सगळं जोडणं. चार ठिकाणी चार फायली उघडायच्या.

आणि ही झाली साधी गोष्ट. माहिती सर्व्हरवरून आणायची असेल तर एका कामाच्या तीन नोंदी : मागणी केली, माहिती आली, मागणी फसली. तीन कॉन्स्टंट, तीन क्रिएटर, तीन केस. एका मागणीसाठी नऊ तुकडे. दहा प्रकारच्या मागण्या असल्या तर नव्वद, आणि त्या नव्वदांमधला फरक फक्त नावांचा.

त्यात टाइपस्क्रिप्टचा वापर वाढला. सप्टेंबर २०१६ मधल्या टाइपस्क्रिप्ट २.० पासून एका खुणेवरून ओळखता येणारे युनियन टाइप वापरता येऊ लागले. एल्मचा पहारेकरी एकदाचा मिळाला. पण त्यासाठी प्रत्येक अ‍ॅक्शनचा आकार आणखी एकदा, टाइप म्हणून, लिहायला लागला. पहारा वाढला आणि मायनाही वाढला.

काटकसरीचे मार्ग

कमी करण्याचे प्रयत्न पहिल्या दिवसापासून होते. फ्लक्सच्या उदाहरणांतच ‘की-मिरर’ नावाचं एक चिमुकलं फंक्शन होतं : नाव एकदाच लिहा, उजवीकडची प्रत ते करून देईल. रिडक्सच्या अधिकृत माहितीत तर ‘बॉयलरप्लेट कमी करणं’ या नावाचं स्वतंत्र प्रकरणच होतं. त्यातली भूमिका समतोल होती. कॉन्स्टंट का असावेत, हे आधी सांगितलं : नावं एकसारखी राहतात, नव्या माणसाला सगळ्या अ‍ॅक्शनची यादी एका जागी मिळते, कोणी नवी भर घातली तर तपासणाऱ्याला ती लगेच दिसते. आणि मग सांगितलं, हे शेवटी जावास्क्रिप्टच आहे. क्रिएटर बनवून देणारं फंक्शन तुम्हीच लिहा, स्विच नको असेल तर तो काढून टाका.

लोकांनी ते मनावर घेतलं. अँड्र्यू क्लार्क यांनी २०१५ मध्येच अ‍ॅक्शनचा एक ठरीव आकार सुचवला : टाइप, पेलोड, एरर आणि मेटा, या चारांपलीकडे काही नको. आकार ठरला की ती बनवण्याचं काम यंत्रावर सोपवता येतं. त्यांच्या ‘रिडक्स-अ‍ॅक्शन्स’ या लायब्ररीत टाइप दिला की क्रिएटर तयार मिळे. शिवाय एक युक्ती होती : त्या क्रिएटरला स्ट्रिंग म्हणून वाचलं की तो स्वतःचा टाइप सांगायचा. त्यामुळे वेगळा कॉन्स्टंट ठेवायची गरजच उरली नाही.

एरिक रासमुसेन यांनी त्याच वर्षी दुसऱ्या टोकाने हात घातला. त्यांचं म्हणणं, ओळी किती याच्यापेक्षा त्या किती फायलींत विखुरल्या आहेत, हा खरा त्रास आहे. एका विषयाचे कॉन्स्टंट, क्रिएटर आणि रिड्यूसर एकाच फाइलमध्ये ठेवा. या पद्धतीला नाव दिलं ‘डक्स’. रिडक्सच्या शेपटातूनच घेतलेलं. टाइपच्या नावात अ‍ॅपचं, मग विभागाचं आणि मग अ‍ॅक्शनचं नाव, मध्ये तिरपी रेघ, हा शिरस्ताही त्यातलाच. तिकडे चीनमध्ये अँट फायनान्शियलच्या मंडळींनी २०१६ मध्ये ‘डीव्हीए’ काढलं. त्यात एका विषयाचं सगळं एकाच ‘मॉडेल’मध्ये लिहायचं असे.

म्हणजे मार्ग दिसत होते. पण प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक गटाचा मार्ग वेगळा. एका ठिकाणाहून दुसरीकडे नोकरीला गेलेल्या माणसाला रिडक्स येत असूनही समोरचा कोड परका वाटायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये खुद्द अब्रामोव्ह यांनी ‘तुम्हाला कदाचित रिडक्सची गरज नाही’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. रिडक्स तुमच्याकडून काही बंधनं मागतं; त्या बदल्यात जे मिळतं ते तुम्हाला हवं असेल तरच ती पाळा, असा त्याचा सूर होता. बऱ्याच जणांनी मात्र मथळाच वाचला.

अधिकृत पेटी

अब्रामोव्ह त्याआधीच फेसबुकमध्ये रिअ‍ॅक्टच्या कामाला गेले होते आणि २०१६ पासून रिडक्सची देखभाल मार्क एरिक्सन आणि टिम डॉर यांच्याकडे आली होती. ‘सगळ्यांना एकच तयार पेटी का देऊ नये’ ही चर्चा २०१७ पासून सुरू झाली. त्यातून ‘रिडक्स स्टार्टर किट’ आलं, २०१९ च्या ऑक्टोबरात त्याची १.० आवृत्ती झाली, आणि आज आपण त्याला ‘रिडक्स टूलकिट’ या नावाने ओळखतो.

त्यातलं मुख्य फंक्शन ‘क्रिएट-स्लाइस’. तुम्ही तीन गोष्टी द्यायच्या : विभागाचं नाव, सुरुवातीची स्टेट आणि रिड्यूसरची फंक्शनं. टाइप आणि क्रिएटर आपोआप तयार होतात. ‘टूडूज’ हे नाव आणि ‘अ‍ॅडेड’ हे फंक्शन दिलं की टाइप होतो ‘टूडूज’, तिरपी रेघ, ‘अ‍ॅडेड’. डक्सचा शिरस्ता आता यंत्र पाळू लागलं. प्रत बनवण्याचा त्रासही गेला, कारण आत मिशेल वेस्टस्ट्रेट यांचं ‘इमर’ बसवलेलं आहे. तुम्ही सरळ बदल केल्यासारखं लिहा, इमर मूळ स्टेटला धक्का न लावता नवी बनवून देतं. २०२० मध्ये ‘क्रिएट-अ‍ॅसिंक-थंक’ आलं आणि मागणी, यश, अपयश या तीन नोंदी एका घोषणेत मिळू लागल्या. २०२१ च्या ‘आरटीके क्वेरी’ने तर सर्व्हरवरून माहिती आणण्यापुरतं अ‍ॅक्शन लिहिणंच थांबवलं.

शेजारच्या घरांतही हेच चाललं होतं. अँग्युलरच्या एनजीआरएक्समध्ये प्रत्येक अ‍ॅक्शनसाठी क्लास लिहायचे. २०१९ मध्ये तिथेही ‘क्रिएट-अ‍ॅक्शन’ आलं. व्ह्यूच्या व्ह्यूएक्समध्ये स्टेट बदलण्यासाठी ‘म्यूटेशन’ वेगळं आणि ‘अ‍ॅक्शन’ वेगळी होती. पुढच्या ‘पिनिया’ने म्यूटेशन हा थरच काढून टाकला.

काय वाचलं, काय निसटलं

इथवर ऐकून वाटेल की गोष्ट सुखाने संपली. आमच्या मते इतिहासाचा खरा धडा इथून पुढे आहे.

जुन्या पद्धतीत अ‍ॅक्शन आधी आणि रिड्यूसर नंतर. काय घडलं याला नाव द्यायचं, मग त्याची दखल कोणी घ्यायची ते बघायचं. एकच नोंद चार रिड्यूसरनी वाचावी, हे स्वाभाविक होतं. ‘वापरकर्ता बाहेर पडला’ ही एक नोंद. पिशवी रिकामी होते, संदेश पुसले जातात, नाव जातं. क्रिएट-स्लाइसमध्ये क्रम उलटला. आता रिड्यूसर लिहिला की त्याच्यातून अ‍ॅक्शन निघते. एका अ‍ॅक्शनला एक रिड्यूसर, ही सोपी वाट झाली. दुसऱ्याच्या अ‍ॅक्शनची दखल घ्यायची सोय ‘एक्स्ट्रा-रिड्यूसर्स’ म्हणून आहे, पण नावच सांगतं की ती जादाची.

आणि अ‍ॅक्शन बनवणं स्वस्त झाल्यावर जुनीच एक सवय बळावली. लोक ‘नाव सेट करा’, ‘लोडिंग सेट करा’, ‘यादी सेट करा’ अशा अ‍ॅक्शन लिहू लागले. एक बटण दाबलं की पाठोपाठ तीन ‘सेट’. रोजकीर्दीच्या भाषेत सांगायचं तर व्यवहार लिहायच्या ऐवजी ‘गणपतरावांची बाकी पाचशे केली’ एवढंच लिहायचं. पाचशे का झाली? माल परत आला, पैसे भरले की कोणी माफ केले? वही भरलेली आहे, पण तिच्यातून काही कळत नाही. मधल्या क्षणी यादी आलेली आणि लोडिंग अजून चालूच, अशी अर्धवट अवस्था पडद्यावर उमटू शकते, ती वेगळीच.

टूलकिट बनवणाऱ्यांना हे दिसत होतं. म्हणूनच रिडक्सच्या अधिकृत शैली-मार्गदर्शकात स्पष्ट सांगितलेलं आहे : अ‍ॅक्शनला घडलेली घटना समजा, सेटर समजू नका, नाव अर्थपूर्ण द्या, एका अ‍ॅक्शनची दखल अनेक रिड्यूसरना घेऊ द्या. यंत्राने टाइपची अक्षरं लिहून दिली, पण घटनेला नाव कुठलं द्यायचं, हे काम माणसाकडेच राहिलं. मायन्यातला तेवढा भाग खरी माहिती होता.

आणि एक शेवटचं. नवी पद्धत आली म्हणून जुनी नाहीशी होत नाही. जुने पाठ, जुने व्हिडिओ तसेच राहतात. टूलकिट आल्यानंतरही शिकणारी मुलं कॉन्स्टंट आणि स्विच लिहीत होती आणि ‘रिडक्स फार किचकट आहे’ म्हणत होती. शेवटी २०२२ मध्ये रिडक्स ४.२ आवृत्तीत मूळ ‘क्रिएट-स्टोअर’वर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारला. ते काम करायचं थांबलं नाही. फक्त एडिटरमध्ये त्याच्या नावावर काट दिसू लागली, म्हणजे जुना पाठ गिरवणारा क्षणभर थांबेल आणि नव्या पद्धतीकडे वळेल. डिसेंबर २०२३ मधल्या रिडक्स ५.० ने टाइप स्ट्रिंगच असला पाहिजे, असा नियमच केला. इतक्या काटकसरीनंतरही ‘नोंद लिहून ठेवता आली पाहिजे’ ही पॅरिसची अट सुटली नाही, उलट पक्की झाली.

आज नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या हातात बऱ्याचदा एकाच प्रकल्पात तिन्ही पिढ्या येतात : २०१६ चे कॉन्स्टंट, मधल्या काळातल्या मदतनीस लायब्रऱ्या आणि नवे स्लाइस. जुनं बघून ‘कोणी लिहिलंय हे’ असं म्हणणं सोपं आहे. ज्यांनी लिहिलं, त्यांच्याकडे कंपायलरचा पहारा नव्हता, म्हणून त्यांनी हाताने पहारा दिला, एवढं आजच्या गोष्टीतून लक्षात राहिलं तरी पुरे. आणि जुनं काढून नवं लिहायला घ्याल तेव्हा एक परीक्षा घ्या. अ‍ॅप चालवा, बाजूची अ‍ॅक्शनची यादी उघडा आणि कोड न बघता नुसती वाचा. आज या अ‍ॅपमध्ये काय काय घडलं, हे ती यादी सांगते का? सांगत असेल तर ओळी कितीही कमी करा, काही बिघडत नाही. सांगत नसेल, तर ओळींबरोबर नोंदही गेली आहे, आणि लाल आकडा कधीतरी परत येणार आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.